घर विकताना पावसाळ्यातले पाणीही सांगा

घर विकण्याचा सौदा बहुतेकांच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. दुकानदार दिवसाला पन्नास सौदे करतो आणि त्याची नियत रोज कसाला लागते. घराच्या सौद्यात मात्र भलेभले सचोटीचे व्यापारीही घसरतात. दुकानात डाग पडलेले कापड बाजूला काढून ठेवणारा माणूस घर विकायला काढताना भिंतीतली ओल रंगाखाली झाकतो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. गिऱ्हाइकाने पाहूनच तर घेतले, अशी तो मनाची समजूत घालतो.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आम्ही स्वतः त्या वाटेवर चार पावले चाललो होतो. पाचवे पाऊल पडले नाही, याचे श्रेय आमचे नाही. ती हकिगत आधी सांगतो, मग कायदा काय म्हणतो ते पाहू.

हमरापूरचे घर

हमरापूर हे पेण तालुक्यातले गाव. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर जिते आणि पेण यांच्यामध्ये त्याचे स्थानक आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. इथल्या कच्च्या मूर्ती, म्हणजे रंग न लावलेल्या मूर्ती, दूरदूरच्या जिल्ह्यांत जातात. पावसाळा सुरू झाला की घराघरांत, पडवीत, मांडवात मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. वर्षभराची मेहनत आणि उसनवारीचे भांडवल त्या रांगांत उभे असते.

या तालुक्याच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आहे. सखल जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली आहे. बांधाला उघाड्या असतात. ओहोटीला त्यांतून पावसाचे पाणी खाडीत जाते आणि भरतीला त्या मिटतात. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट उरत नाही. मग ते मागे फिरते आणि सखल घरांत शिरते. इथे राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. बाहेरून येऊन फाल्गुनात घर पाहणाऱ्याला मात्र ते दिसत नाही.

आमच्या वडिलांचे घर गावाच्या सखल अंगाला होते. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे लांबरुंद पडवी. दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या उधाणाला पडवीत घोट्याइतके पाणी येई. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि रायगड जिल्ह्यातही हाहाकार उडाला. त्या दिवशी आमच्या माजघरात गुडघ्याच्या वर पाणी होते. तांदळाची कणगी भिजली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर मातकट रेघ राहिली. पुढे आम्ही तिथे जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा मारून घेतला. तेव्हा हेतू घर नीटनेटके दिसावे एवढाच होता. त्या पट्ट्याचा दुसरा उपयोग नंतर कळला.

वडील गेल्यानंतर, 2012 साली, घर विकायचे ठरले. धंद्यात रक्कम अडकली होती, थोरले बंधू आजारी होते. गिऱ्हाईक मिळाले ते शेजारच्या गावचे एक मूर्तिकार. किंमत 9 लाख ठरली. त्यांनी फाल्गुनात घर पाहिले. पडवीत उभे राहून ते म्हणाले, "शेठ, ही जागा मोठी आहे. कच्च्या मूर्ती चांगल्या मावतील."

आम्ही म्हणालो, "हो दादा, जागा भरपूर आहे."

यात एक शब्दही खोटा नव्हता. जागा खरेच भरपूर होती. तरीही ते वाक्य आठवले की आजही आम्हाला आमची लाज वाटते. कारण तो माणूस जागा किती आहे हे विचारत नव्हता, माल सुरक्षित राहील का हे विचारत होता. आणि आम्हाला ते समजले होते. मध्यस्थ दलाल बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "विचारलं नाही तर सांगायचं नाही. हाच धंद्याचा नियम." त्याच संध्याकाळी आम्ही 1 लाख रुपये बयाणा घेतला.

दलालाचा आणखी एक सल्ला होता. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर आम्हा दोन भावांचीच नावे होती. थोरली बहीण रोह्याला दिलेली. तिचे नाव कुठेच नाही, तेव्हा तिच्या सहीची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. खरे तर आई आधीच गेलेली असल्याने वडिलांच्या पश्चात वारस तिघेच. शरीअतप्रमाणे मालमत्तेचे पाच हिस्से होतात, दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. उताऱ्यावर नाव नसले म्हणून तो हिस्सा नाहीसा होत नाही. हे आम्हाला पक्के ठाऊक होते. म्हणजे आम्ही एकाच घराचे दोन ऐब झाकायला निघालो होतो, एक भिंतीतला आणि एक हक्कातला.

आपाला विचारल्याशिवाय पुढे जायला मन धजेना, म्हणून आम्ही रोह्याला गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सही करते मी. पण त्या माणसाला पाण्याचं सांगितलंत का?"

आम्ही गप्प.

ती म्हणाली, "आपली तर कणगीच भिजली होती. त्याचं अख्खं वर्ष भिजेल. सांगून या, मग कागद आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही मूर्तिकारांच्या कारखान्यावर गेलो आणि सांगितले. त्यांनी मूर्तीवरचा हात न थांबवता विचारले, "पाणी कुठवर येतं?" आम्ही म्हणालो, चला, दाखवतो. माजघरात एका कोपऱ्यात रंगाचा पट्टा खरवडून 2005 ची रेघ दाखवली. बहिणीचा हिस्सा आहे आणि तिची सही होईल, हेही सांगितले. बयाणा परत हवा असेल तर आजच देतो, असेही म्हणालो. ते काही न बोलता निघून गेले. बंधू संतापले. "आलेलं गिऱ्हाईक घालवलंस," असे म्हणून त्यांनी आठवडाभर आमच्याशी अबोला धरला.

आठव्या दिवशी मूर्तिकार एका गवंड्याला घेऊन आले. पडवीचे जोते किती वाढवावे लागेल, भिंतीला लोखंडी मांडण्या किती लागतील, याचे माप घेतले. त्या खर्चापोटी किंमतीतून 90 हजार कमी करायला सांगितले. आम्ही मान्य केले. 8 लाख 10 हजारांत घर गेले. आपाच्या वाट्याला 1 लाख 62 हजार आले. खरे बोलायला लावण्याची तिची स्वतःची किंमत 18 हजार रुपये होती. तिने त्याचा कधी उल्लेख केला नाही.

पुढे एका पावसाळ्यात ते मूर्तिकार आमच्या दुकानी कापड घ्यायला आले. आभार वगैरे काही मानले नाहीत. एवढेच सांगितले, "शेठ, या खेपेला पाणी खालच्या मांडणीपर्यंत आलं होतं. माल वर होता."

कायदा कोणाच्या बाजूला आहे?

दलाल म्हणाला तो नियम घराच्या बाबतीत चुकीचा आहे. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा आहे आणि मुंबई इलाख्यात तो 1 जानेवारी 1893 पासून लागू झाला. त्याचे कलम 55 घर-जमीन विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये सांगते. विकणाऱ्याचे अगदी पहिले कर्तव्यच हे आहे, की मालमत्तेत किंवा तिच्यावरील आपल्या हक्कात काही महत्त्वाचा दोष असेल तर तो खरेदीदाराला सांगावा. त्याला अटी तीन. दोष विकणाऱ्याला माहीत असावा, घेणाऱ्याला माहीत नसावा, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही तो त्याच्या लक्षात येण्यासारखा नसावा. असा दोष न सांगणे ही लबाडी समजली जाईल, असेही त्याच कलमात म्हटले आहे.

आमचे घर या तीन अटींवर घासून पाहा. पाणी येते हे आम्हाला माहीत होते. मूर्तिकारांना माहीत नव्हते. ते शेजारच्या गावचे, पण कुठल्या घरात किती पाणी शिरते हे ज्याच्या घरात शिरते त्यालाच ठाऊक असते. आणि फाल्गुनात, कोरड्या जमिनीवर उभे राहून, रंगाच्या पट्ट्याआडची रेघ त्यांना दिसणार नव्हती. तिन्ही अटी पुऱ्या. म्हणजे आमचे "जागा भरपूर आहे" हे खरे वाक्य कायद्याच्या नजरेत लबाडीच ठरले असते.

महत्त्वाचा दोष कोणता, याची इंग्लंडमधील 1834 च्या एका खटल्यात ठरलेली कसोटी अजून वापरली जाते. दोष ठाऊक असता तर खरेदीदाराने हा सौदा केलाच नसता, असे मानता येईल का? येत असेल तर तो दोष महत्त्वाचा. दाराची कडी ढिली आहे, दोन कौले फुटली आहेत, हे त्यात बसत नाही. ते दिसतेही आणि त्यावाचून सौदा अडतही नाही. मूर्ती ठेवायच्या जागेत पाणी येणे मात्र बसते. घेणारा घर कशासाठी घेतो आहे हे कळल्यावर तर त्याबद्दल शंकाच उरत नाही.

कापड विकणाऱ्या आमच्या भावांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. मालविक्रीचा कायदा 1930 चा. त्यात काही अपवाद सोडले तर माल पारखून घेण्याची जबाबदारी मुख्यतः गिऱ्हाइकावर आहे. करारविषयक 1872 च्या कायद्यातही नुसते गप्प बसणे म्हणजे लबाडी नव्हे. जिथे बोलण्याचे कर्तव्य असते तिथेच गप्प बसणे लबाडी होते. घराच्या बाबतीत कलम 55 हे कर्तव्य विकणाऱ्यावर टाकते. म्हणून दुकानात जी चुप्पी कदाचित खपून जाते, ती घराच्या सौद्यात खपत नाही.

परिणाम काय होतात? खरेदीखत होण्याआधी उघडकीस आले तर खरेदीदार सौद्यातून बाहेर पडून बयाणा मागू शकतो. खरेदीखत झाल्यावरही ते रद्द करून मिळावे किंवा नुकसानभरपाई मिळावी म्हणून तो दिवाणी कोर्टात जाऊ शकतो. खत रद्द करण्याच्या दाव्याची मुदत 3 वर्षे आहे आणि लबाडी असेल तर ती खरेदीच्या तारखेपासून नव्हे, लबाडी उघड झाल्यापासून मोजतात. वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवून कोणाला फसवणे हा फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे.

"जसे आहे तसे विकले आहे" असे खतात लिहून घेतले की सुटलो, असे अनेकांना वाटते. कलम 55 मधील कर्तव्यांबाबत उभय पक्षांना वेगळा करार करता येतो हे खरे. पण माहीत असलेला दोष मुद्दाम दडवून त्यावर असे वाक्य चिकटवणे म्हणजे संरक्षण नव्हे. लबाडीवर करार उभा राहत नाही.

दीन काय सांगतो?

आमच्या वाचकांना हे नवे नाही, पण घराच्या संदर्भात आठवण करून द्यावीशी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, हा सवाल झाला आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले गेले. लक्षात घ्या, धान्य भिजले यात त्या विक्रेत्याचा काही दोष नव्हता. पाऊस अल्लाहचा. कोरडे वर आणि ओले खाली, हा दोष त्याचा. आमच्या घरात पाणी येणे हाही आमचा दोष नव्हता. त्यावर रंगाचा पट्टा ठेवून गप्प बसणे हा असता.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेली एक हकिगत आम्हा कापडवाल्यांना विशेष जवळची आहे. भागीदाराकडे पाठवलेल्या मालात एका कापडात ऐब होता. तो सांगूनच विकावे, अशी त्यांनी ताकीद दिली होती. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली.

फिक्हमध्ये यासाठी 'खियार-ए-ऐब' आहे, म्हणजे आधीचा ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा खरेदीदाराचा हक्क. "कोणत्याही ऐबाला मी जबाबदार नाही" अशी सरसकट अट घालून विकण्याबद्दल इमामांत मतभेद आहेत. कोकणातले आपले बहुसंख्य लोक ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात अशी सरसकट अट घर विकणाऱ्याला मोकळे करत नाही. तेव्हा कायद्याची पळवाट शोधणाऱ्याला इथेही ती सापडत नाही.

कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

मिलमधून येणाऱ्या काही ताक्यांच्या काठाला पूर्वी रंगीत दोरा बांधलेला असे. आत त्या जागी विणकामात दोष आहे, अशी ती खूण. दुकानदार तेवढे कापड सोडून मोजत असे. ताका न उलगडताच दोष समजे आणि कोणाचे भांडण होत नसे. घरालाही असा दोरा बांधता येतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर 1987 पासून राहते घर विकणाऱ्याला ठरावीक छापील नमुन्यात दोष लिहून द्यावे लागतात. आपल्याकडे तसा सक्तीचा नमुना नाही, पण साध्या कागदावर यादी करायला कोणी मनाई केलेली नाही. आमच्या भागातील घरांसाठी ती अशी असावी :

1. पाणी : पावसाळ्यात किंवा उधाणाला घरात, अंगणात, वाटेवर पाणी येते का, सर्वांत जास्त कधी आणि कुठवर आले होते. विहीर उन्हाळ्यात आटते किंवा मचूळ होते का.

2. बांधकाम : वाशांना, तुळईला, चौकटींना वाळवी लागली आहे का. भिंतीला गेलेला तडा भरून रंगवला आहे का आणि तो पुन्हा उघडतो का. स्लॅब गळतो का, लोखंड गंजून सिमेंट सुटते आहे का.

3. हद्द आणि वाट : घराकडे जाणारी वाट स्वतःची की शेजाऱ्याच्या जमिनीतून. भिंत किंवा पडवी दुसऱ्याच्या किंवा गावठाणाच्या जागेत गेली आहे का. वाढीव बांधकाम परवानगीचे की विनापरवाना.

4. हक्क : सर्व वारस कोण, बहिणींचे हिस्से मोकळे झाले आहेत का. परदेशी असलेल्या भावाचे मुखत्यारपत्र आहे का. सातबाराच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा कुळकायद्याच्या कलम 43 ची अट आहे का. ती अट असेल तर विक्रीवर बंधने असतात.

5. नोटिसा आणि वाद : ग्रामपंचायत, नगरपालिका, महामार्ग किंवा भूसंपादन यांची काही नोटीस मिळाली आहे का. कोर्टात दावा चालू आहे का. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल थकले आहे का. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणे विकणाऱ्यानेच भरायचे असते, हेही कलम 55 मध्येच आहे.

शेवटच्या मुद्द्याला आपल्या भागात आज विशेष महत्त्व आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांसाठी राज्य सरकारने 2024 मध्ये एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. तेव्हापासून जमिनीचे सौदे घाईने होत आहेत. घाईच्या सौद्यात कपाटातली नोटीस कपाटातच राहते. तसे होऊ देऊ नये.

ज्यांची घरे भिवंडी, मुंब्रा, पनवेलसारख्या ठिकाणी इमारतीत आहेत, त्यांच्यासाठी दुसरा मुद्दा जिवाचा आहे. 24 ऑगस्ट 2020 ला आपल्याच जिल्ह्यात महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा बळी गेला. तो प्रश्न बांधणाऱ्यांच्या जबाबदारीचा होता, फ्लॅट पुन्हा विकणाऱ्याचा नव्हे. बिल्डरसाठी 2016 च्या रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची तरतूद आहे. पण आपण स्वतः फ्लॅट पुढे विकतो तेव्हा खांबाला गेलेला तडा आपल्याला माहीत असेल, सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा वाईट अहवाल आलेला असेल, तर तो अहवाल खरेदीदाराच्या हाती द्यायलाच हवा. तिथे प्रश्न 90 हजारांचा नसतो, रात्री झोपलेल्या माणसांचा असतो.

एक खबरदारी विकणाऱ्याच्याही भल्याची आहे. जे सांगितले ते लेखी ठेवावे. साठेखतात आणि खरेदीखतात एक परिच्छेद घालून घ्यावा, की अमुक दोष विकणाऱ्याने दाखवला, खरेदीदाराने तो पाहिला आणि किंमत त्याचा विचार करून ठरली. आमच्या खतात पाण्याच्या रेघेची उंची लिहिलेली आहे. सांगितलेल्या दोषाबद्दल उद्या कोणी कोर्टात ओढू शकत नाही. बोलणे हवेत विरते आणि दहा वर्षांनी दोघांच्या मुलांना ते आठवत नाही. आणि जे आपल्याला नक्की माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगू नये. "पाया किती खोल आहे मला ठाऊक नाही, वडिलांनी बांधले," हेही प्रामाणिक उत्तर आहे.

घेणाऱ्यालाही जबाबदारी आहे

कायदा घेणाऱ्याला डोळे मिटून बसायला सांगत नाही. साधारण काळजी घेतली असती तर जे दिसले असते, त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक, शोध अहवाल हे पाहिलेच पाहिजे. नमुना 8 चा उतारा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे समजून घ्यावे. घर शक्य तर पावसाळ्यात एकदा पाहावे. नाही जमले तर शेजारच्या वयस्कर बाईला विचारावे, पाणी कुठवर येते म्हणून. आणि विकणाऱ्याला सरळ विचारावे, मी या घरात अमुक काम करणार आहे, त्याला अडचण येईल असे काही आहे का? नेमका प्रश्न विचारला की गप्प बसणे फार अवघड होते.

घेणाऱ्याच्या लबाडीलाही कलम 55 मध्ये जागा नाही. विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती त्याला वाटते त्याहून मोठी आहे आणि त्यामुळे किंमत बरीच वाढते, हे घेणाऱ्याला माहीत असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर त्याने ते सांगितले पाहिजे. एखाद्या विधवेला आपला हिस्सा किती हे माहीत नाही आणि दीर किंवा पुतण्या तो जाणूनबुजून कवडीमोलाने लिहून घेतो, असे प्रकार आपल्या समाजात घडतात. त्यांनी हे कलम आणि आपली आखिरत, दोन्ही आठवावीत.

भावांनो, दोष सांगितल्याने घर विकले जात नाही, हा समज खरा नाही. घर विकले जाते, योग्य किंमतीला विकले जाते आणि योग्य माणसाला विकले जाते. ज्याला पाणी चालणार नाही तो निघून जातो, ज्याला जोते वाढवून चालेल तो थांबतो. कमी होते ती फक्त आपल्या मालकीची नसलेली रक्कम. आमच्या हिशेबात ते 90 हजार आम्ही गमावले नाहीत. ती मूर्तिकारांच्या जोत्याची आणि मांडण्यांची किंमत होती. आम्ही गप्प राहिलो असतो तर ती आमच्या खिशात राहिली असती आणि एखाद्या उधाणाच्या रात्री त्यांनी ती आपल्या भिजलेल्या मालाने चुकवली असती.

म्हणून ज्यांचे घर या वर्षी विक्रीला निघणार आहे त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी कागद घ्यावा, घरातल्या बायकांना आणि बहिणींना जवळ बसवावे आणि यादी लिहावी. घर कुठे गळते, कुठे भिजते आणि कोणाचे किती आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. ती यादी खरेदीदाराच्या हाती द्यावी, मग बयाणा घ्यावा.